मोबाइलच्या कॅमेऱ्यातून इम्प्लांटचं डिजिटल माप: स्टोन मॉडेल ते एसटीएल फाइल

पेशंटच्या तोंडासमोर मोबाइल धरून चार फोटो काढायचे आणि त्यावरून इम्प्लांटवरची, म्हणजे हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळावरची, कॅप थेट बनवायची, अशी रीत मी इथे सांगणार नाही. ती चालत नाही. मागच्या दाढेभोवती कॅमेरा फिरवायला जागाच नसते, लाळ चमकते, जीभ आणि गाल दर फोटोत जागा बदलतात. फोटोंवरून त्रिमितीय आकार बांधणारं सॉफ्टवेअर धरून चालतं की वस्तू जागच्या जागी आहे आणि फक्त कॅमेरा फिरतोय. तोंडात नेमकं हेच पाळता येत नाही.

जे चालतं ते असं. नेहमीसारखं ओपन ट्रे माप (वरून उघड्या साच्यातलं माप) घ्यायचं, स्टोनचं (कडक प्लास्टरचं) मॉडेल ओतायचं, अ‍ॅनालॉगवर (मॉडेलमधल्या इम्प्लांटच्या प्रतिकृतीवर) स्कॅन बॉडी (इम्प्लांटची जागा दाखवणारा खांब) बसवायची आणि त्या मॉडेलचे मोबाइलने पद्धतशीर फोटो काढून त्यांची एसटीएल फाइल (त्रिमितीय आकाराची फाइल) करायची. याला फोटोग्रामेट्री म्हणतात. थेट तोंडात माप घेणाऱ्या इंट्राओरल स्कॅनरची किंमत लाखांत जाते. तालुक्याच्या गावी नुकताच दवाखाना टाकलेल्या डेंटिस्टला किंवा बीडीएस संपवून इंटर्नशिप करणाऱ्या मुलामुलींना डिजिटल कामाची नजर तयार करायला ही वाट फार चांगली आहे. मी स्वतः याच वाटेने शिकले, म्हणून जिथे जिथे ठेच लागते त्या जागा सविस्तर सांगते.

ही फाइल कुठे वापरायची तेही आधीच ठरवून घ्या. केसचं नियोजन, लॅबशी लांबून चर्चा, तात्पुरत्या कॅपचं डिझाइन, पेशंटला समजावणं, नोंद ठेवणं: या सगळ्याला ती उपयोगी पडते. कायमच्या कॅपसाठी लॅबकडे डेस्कटॉप स्कॅनर असेल तर मॉडेलच तिकडे पाठवा. आणि पूर्ण जबड्याचा स्क्रूने बसणारा ब्रिज असेल, तर मोबाइलच्या फाइलवर सांगाडा कापून घेऊ नका. याचं कारण आकड्यांत आहे.

आधी थोडं गणित

दाताच्या मुळाभोवती लिगामेंट (तंतूंची लवचीक गादी) असतं. कॅप किंचित चुकली तर दात थोडासा सरकून जुळवून घेतो. इम्प्लांट हाडाला घट्ट जोडलेला असतो, तो सरकत नाही. माप चुकलं की सगळा ताण स्क्रूवर, कॅपवर आणि हाडावर येतो. म्हणून इम्प्लांटच्या कामात ‘पॅसिव्ह फिट’ मागतात, म्हणजे स्क्रू आवळताना सांगाड्याला कुठेही ओढ बसता कामा नये. आधुनिक इम्प्लांटचे जनक मानले जाणारे ब्रोनेमार्क यांनी १९८३ साली यासाठी १० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अपेक्षा मांडली होती. पुढे १९९१ मध्ये संशोधक येम्ट यांनी १५० मायक्रॉनपर्यंतची चूक चालवून घेता येईल असं म्हटलं. आजही चर्चा या दोन आकड्यांच्या मध्येच फिरते.

आता मोबाइल बघा. १२ मेगापिक्सेलच्या फोटोची लांब बाजू साधारण ४००० पिक्सेलची असते. मॉडेलच्या आजूबाजूची थोडी जागा धरून फ्रेममध्ये १०० मिमी रुंदी आली, तर एक पिक्सेल म्हणजे २५ मायक्रॉन. ऐकायला छान वाटतं, पण हा कागदावरचा हिशोब आहे. फोकस जरा सुटला, हात थरथरला, लेन्सच्या कडेला आकार वाकला, मोबाइलने स्वतःहून फोटो ‘सुधारला’, की प्रत्यक्षातली चूक याच्या कितीतरी पट होते. शिवाय मॉडेल तरी कुठे बिनचूक असतं? टाइप ४ डाय स्टोन घट्ट होताना ०.१ टक्क्यापर्यंत प्रसरण पावू शकतो. ६० मिमीच्या अंतरावर हे ६० मायक्रॉन झाले, तेही मोबाइल हातात घ्यायच्या आधी.

माप आणि मॉडेल

इथे घाई केली तर पुढे कितीही चांगले फोटो काढले तरी उपयोग नाही. ट्रान्सफर कोपिंग (इम्प्लांटची जागा मापात उतरवणारा तुकडा) पूर्ण बसली आहे की नाही हे आरव्हीजी (दाताचा डिजिटल एक्स-रे) काढून बघा. दोन किंवा जास्त इम्प्लांट असतील तर कोपिंग पॅटर्न रेझिनने (घट्ट होणाऱ्या प्लास्टिकने) एकमेकींना जोडा, रेझिन आकसून घट्ट झाल्यावर मधोमध कापा आणि ती बारीक फट पुन्हा थोड्याशा रेझिनने भरा. असं केलं की आकसण्याची बरीचशी चूक त्या कापलेल्या जागेत निघून जाते.

माप अ‍ॅडिशन सिलिकॉनचं घ्या, धुऊन निर्जंतुक करा आणि कंपनीने सांगितलेला वेळ थांबूनच ओता. या सिलिकॉनमधून हायड्रोजन वायू सुटू शकतो आणि घाईने ओतलेल्या स्टोनवर सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात. अ‍ॅनालॉग लावताना एका हाताने कोपिंग धरा आणि दुसऱ्याने स्क्रू आवळा, नाहीतर कोपिंग मापातच फिरते आणि ते डोळ्याला कळतही नाही.

इम्प्लांटभोवती गम मास्क (हिरडीची सिलिकॉनची प्रतिकृती) नक्की घाला, पण काढता-घालता येईल असा. गुलाबी सिलिकॉन चमकतं, थोडा प्रकाश आतही घेतं, त्यामुळे कॅमेऱ्याला त्याचा पृष्ठभाग नीट सापडत नाही. म्हणून फोटोंचे दोन संच घ्यायचे: एक गम मास्क काढून स्कॅन बॉडीसह, दुसरा गम मास्क घालून पण स्कॅन बॉडीशिवाय. हिरडीचा आकार दुसऱ्या संचातून मिळतो.

स्कॅन बॉडी

स्कॅन बॉडी म्हणजे इम्प्लांटचा पत्ता सांगणारा खांब. त्याचा आकार डिझाइन सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत आधीच असतो. तुमच्या फाइलमधल्या खांबावर लायब्ररीतला खांब बसवला, की खाली इम्प्लांट नेमका कुठे, किती तिरका आणि त्याचा हेक्स (षटकोनी जोड) कुठल्या बाजूला हे सॉफ्टवेअरला कळतं.

बसवण्यापूर्वी अ‍ॅनालॉगचं तोंड ब्रशने साफ करा. स्टोनचा बारीकसा कण जरी कडेला राहिला तरी खांब एका बाजूला उचलला जातो. खांब १ अंशाने कलला तर १० मिमी उंचीवर टोक जवळजवळ ०.१७ मिमी सरकतं, म्हणजे १७० मायक्रॉन. येम्ट यांची सगळी सवलत एका कणात संपली. स्क्रू कंपनीने सांगितलेल्या टॉर्कनेच आवळा. पीक या प्लास्टिकच्या स्कॅन बॉडीवर रॅचेटने जोर काढला तर तिची बैठक दबते आणि पुढच्या केसलाही ती चुकीचं सांगते. आवळून झालं की जोडावरून नख फिरवा. नख अडलं तर पुन्हा काढून साफ करा. सपाट बाजू शक्यतो गालाकडे ठेवा, फोटोत ती सहज येते.

टायटॅनियमची चकचकीत स्कॅन बॉडी मोबाइलसाठी टाळा. पीकची मॅट असते, ती बरी. तरीही तिचा रंग सगळीकडे सारखाच असतो आणि सॉफ्टवेअरला पकडायला खुणा मिळत नाहीत. लॅबमध्ये मिळणारा स्कॅन स्प्रे लांबून, अगदी हलका मारा. थर जाड झाला की मापही जाड झालं. मॉडेलच्या बैठकीवर, म्हणजे दात आणि इम्प्लांटपासून दूर, काळ्या बारीक पेनने विखुरलेले ठिपके काढा. त्यातच दोन्ही टोकांना दोन बारीक फुल्या काढा, आणि आणखी दोन फुल्या दुसऱ्या दिशेला. या चार फुल्यांवर पुढचं सगळं अवलंबून आहे.

फोटो

खोलीच्या मधोमध स्टूल ठेवा, त्यावर वर्तमानपत्राचं पान पसरा, त्यावर मॉडेल. बारीक छपाईचं पान घ्या; छोट्या जाहिरातींचं पान सगळ्यात चांगलं, कारण प्रत्येक अक्षर सॉफ्टवेअरला खूण म्हणून मिळतं. पान चारही बाजूंनी चिकटवून टाका. पंखा बंद. मॉडेल हलवायचं नाही, तुम्ही फिरायचं.

माझी पहिलीच फाइल इथे बिघडली होती. मी मॉडेल फिरत्या पाटावर ठेवलं होतं, मोबाइल स्टँडवर लावला होता, आणि मागे भिंतीवर दवाखान्याचं कॅलेंडर होतं. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने चौकटीतली सगळ्यात ठळक आणि स्थिर वस्तू ते कॅलेंडर होतं. कॅलेंडरच्या तारखा सुरेख उमटल्या आणि ३६ नंबरच्या (खालच्या डाव्या पहिल्या दाढेच्या) जागेवरचा खांब मात्र फिसकटून गेला. फिरता पाट वापरायचाच असेल तर मागे आणि खाली पूर्ण काळं, एकही डाग नसलेलं कापड हवं. नवीन असाल तर वर्तमानपत्राचीच पद्धत धरा.

उजेड सकाळचा, खिडकीतून येणारा, पण थेट ऊन नको. ट्यूबलाइटखाली काम असेल तर शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि वेगळ्या शटरवर फोटोत पट्टे येतात. फ्लॅश बंद.

मोबाइलमध्ये प्रो मोड उघडा. आयएसओ १०० च्या आसपास, व्हाइट बॅलन्स एका जागी पक्का, पोर्ट्रेट आणि ब्यूटी बंद. ०.५एक्सची लेन्स वापरू नका, ती जवळून आकार वाकवते. बरेच मोबाइल वस्तू जवळ आली की गुपचूप त्याच लेन्सवर जातात, म्हणून आपोआप चालू होणारा मॅक्रो बंद करा. २एक्स किंवा ३एक्स टेलिफोटो असेल तर ती घ्या आणि २५ ते ३० सेंटीमीटरवरून फोकस नीट बसतो का ते तपासा. नसेल तर मुख्य लेन्सच घ्या, आणि सगळ्या फोटोंत तीच ठेवा. मध्येच झूम बदलायचा नाही. काही आयफोनमध्ये लिडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) असतं, ते खोली किंवा फर्निचर मोजायला ठीक. दाताच्या कडेसाठी ते फारच ढोबळ आहे.

आता प्रत्येक संचासाठी तीन फेऱ्या. पहिली जवळजवळ मॉडेलच्या उंचीला, म्हणजे आडव्यापासून १५–२० अंशांवरून. दुसरी ४५ अंशांवरून, तिसरी ७० च्या आसपास. प्रत्येक फेरीत दर १५ अंशाला एक असे २४ फोटो, एकूण ७२. लागोपाठच्या दोन फोटोंत निदान ६०–७० टक्के भाग सारखा दिसला पाहिजे. त्यानंतर स्कॅन बॉडीच्या सपाट बाजूचे आणि तिच्या वरच्या कडेचे दहा-बारा जास्तीचे फोटो, थोडे जवळून. श्वास सोडून मग बटण दाबा, किंवा दोन सेकंदांचा टायमर लावा. शेवटी सगळे फोटो मोठे करून बघा. स्कॅन बॉडीची कड ज्यात पुसट आहे तो फोटो काढून टाका. ६० स्वच्छ फोटो ८० संमिश्र फोटोंपेक्षा चांगला आकार देतात.

फोटोंची फाइल करणं

फोटो केबलने लॅपटॉपवर घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर साधे फोटो म्हणून पाठवले की ते दाबले जातात आणि लेन्सची माहितीही पुसली जाते. फोकल लेंग्थ त्या माहितीतूनच सॉफ्टवेअरला कळते. पाठवणं भागच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

मेशरूम हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे. पूर्ण तपशिलाच्या कामासाठी त्याला एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड लागतं. फोटो त्यात ओढून टाका, सेव्ह करा, सुरू करा. माझ्या लॅपटॉपवर दोन-तीन तास सहज जातात, तोवर ओपीडी उरकते. पहिल्या टप्प्यानंतर किती फोटो जुळले ते बघा. ७२ पैकी ४० च जुळले असतील तर पुढे जाऊन वेळ घालवू नका, पुन्हा फोटो काढा. पॉलीकॅम, किरी इंजिन, रिअ‍ॅलिटीस्कॅन ही मोबाइल अ‍ॅप वापरायला सोपी आहेत, पण तिथे फोटो बहुधा कंपनीच्या सर्व्हरवर जातात. त्याबद्दल पुढे सांगते.

मेशरूममधून मिळालेली ओबीजे फाइल (हीसुद्धा त्रिमितीय आकाराचीच) मेशलॅब या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा, वर्तमानपत्र आणि स्टूल कापून टाका, फक्त मॉडेल ठेवा. ‘स्मूद’ करण्याचा मोह आवरा. पृष्ठभाग गुळगुळीत दिसायला लागतो, पण स्कॅन बॉडीच्या कडा गोल होतात. सपाट बाजूची कड गोल झाली की लायब्ररीतला खांब दोन-तीन अंश इकडेतिकडे फिरूनही ‘बसला’ असं वाटतं, आणि हेक्स चुकतो.

खरं माप देणं

नवीन माणूस सगळ्यात जास्त इथेच चुकतो. फोटोंना लांबी कळत नाही. मॉडेलचा आकार बरोबर येतो, पण तो ६० मिमीचा आहे की ६ मीटरचा हे फाइलला माहीत नसतं. एसटीएल फाइल एककही जपत नाही, समोरचा ते मिलिमीटर धरून चालतो.

डिजिटल व्हर्नियर घ्या आणि लांबच्या दोन फुल्यांमधलं अंतर तीन वेळा मोजा. समजा सरासरी ६२.४० मिमी आली. मेशलॅबमध्ये त्याच दोन फुल्यांमधलं अंतर ३.१२ दिसतं. ६२.४० ला ३.१२ ने भागा, २० आले. सगळी फाइल २० पट करा आणि एसटीएल म्हणून सेव्ह करा. अंतर लांबच घ्यायचं, कारण ५ मिमीवर मोजलं तर खुणेवर टोक ठेवण्यातली छोटी चूकही पूर्ण जबड्यावर पसरते.

आता दुसऱ्या दोन फुल्या, ज्या आपण अजून वापरल्या नाहीत. व्हर्नियरवर त्यांचं अंतर ४१.१५ मिमी आहे आणि फाइलमध्ये ४१.०८ येतं. फरक ०.०७, म्हणजे ७० मायक्रॉन. हा आकडा केसपेपरवर लिहा. स्कॅन बॉडीची कंपनीने दिलेली उंचीही फाइलमध्ये मोजून बघा. तात्पुरत्या एका कॅपच्या डिझाइनसाठी १०० मायक्रॉनच्या आतला फरक मी घेते, त्यापुढे गेला तर फोटो पुन्हा काढते.

लॅबला काय पाठवायचं

स्कॅन बॉडीसह एक फाइल, गम मास्कसह एक, समोरच्या जबड्याची एक आणि चाव्याची एक. चाव्यासाठी दोन्ही मॉडेल बाइटवर (चाव्याच्या मापावर) जोडून गालाच्या बाजूने २०–२५ फोटो पुरतात. सोबत इम्प्लांटची कंपनी, प्लॅटफॉर्मचा व्यास, स्कॅन बॉडीचा क्रमांक, दाताचा नंबर, आणि स्पष्ट शब्दांत ‘फाइल मिलिमीटरमध्ये आहे, मोबाइल फोटोग्रामेट्रीने केली आहे, तपासणी फरक इतका’. शेवटचं वाक्य टाळू नका. टेक्निशियनदादांना फाइल कुठून आली हे ठाऊक असलं की ते डोळे झाकून पुढे जात नाहीत.

शेडचा (दाताच्या रंगछटेचा) फोटो वेगळा काढा, शेड टॅब दाताच्या शेजारी त्याच पातळीत धरून. हे काम मात्र तोंडातच करायचं, आणि दात सुकायच्या आधी, कारण सुकलेला दात जास्त पांढरा दिसतो.

तोंडात पडताळणी

एका दाताची तात्पुरती कॅप आली की स्क्रू हलक्या हाताने आवळा आणि आरव्हीजी काढा. ट्यूब इम्प्लांटच्या अक्षाला काटकोनात हवी, तिरक्या फिल्मवर फट झाकली जाते. शेजारच्या दातांशी संपर्क फ्लॉसने बघा. चाव्याचा कागद नैसर्गिक दातांवर ओढला जाऊन अडकला पाहिजे, आणि कॅपवर हलकं चावल्यावर सुटून आला पाहिजे.

दोन किंवा जास्त इम्प्लांट एकत्र असतील तर एका टोकाचा एकच स्क्रू आवळा आणि दुसरं टोक बघा. तिकडे फट उघडली किंवा सांगाडा उचलला तर माप चुकलं. पूर्ण जबड्यासाठी पॅटर्न रेझिनची जिग (तपासणीची जोडपट्टी) तोंडात जोडून तपासल्याशिवाय कायमचं काहीही बनवून घेऊ नका. स्क्रू आवळताना ‘दाबल्यासारखं वाटतंय’ असं पेशंट म्हणाले तर ते ऐका. हिरडी दबतेय की सांगाडा ओढतोय हे शोधा, जोर लावून बसवू नका.

परवानगी आणि गोपनीयता

पेशंटच्या जबड्याचं मॉडेल ही त्यांची आरोग्याची माहिती आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमती हा पाया आहे, त्यामुळे फोटो काढण्याआधी, ते लॅबला पाठवण्याआधी आणि क्लाउडच्या अ‍ॅपवर टाकण्याआधी मराठीत लिहिलेली संमती घ्या. मॉडेलच्या बुडावर पेशंटचं नाव असेल तर ते फोटोत येऊ देऊ नका, केस नंबर लिहा. मोबाइलच्या गॅलरीत हे फोटो घरच्या फोटोंमध्ये मिसळून राहता कामा नयेत. आपोआप होणारा बॅकअप बंद असलेलं वेगळं फोल्डर करा, आणि लॅपटॉपवर घेतले की मोबाइलमधून काढून टाका.

या फाइलचा मला सगळ्यात जास्त आनंद मात्र लॅबच्या कामात मिळालेला नाही. खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवलेल्या एका मावशींना मी त्यांचं मॉडेल लॅपटॉपवर फिरवून दाखवलं.

“मॅडम, हा माझाच जबडा का?”

“हो मावशी. हा खांब दिसतो ना, तिथे तुमची दाढ येणार.”

त्यांनी बोटाने पडद्यावर खांब आणि शेजारच्या दातामधली जागा दाखवली. “मग इथे भाताचं शीत अडकणार की.”

इंटरडेंटल ब्रश का वापरायचा हे मी त्यांना आधी दोनदा सांगितलं होतं. त्या दिवशी त्यांनी तो स्वतः मागून घेतला, कुठल्या मापाचा घ्यायचा तेही विचारलं, आणि तो त्या मॉडेलवरच घालून बघितला.

पहिला सराव

पेशंटच्या केसवर जाण्याआधी कपाटातलं एक जुनं मॉडेल घ्या, ज्यात अ‍ॅनालॉग आहे. वेगवेगळ्या तीन दिवशी तीनदा फोटो काढा, तीन फाइली करा, प्रत्येकीला फुल्यांवरून माप द्या. मग क्लाउडकंपेअर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पहिलीवर दुसरी आणि पहिलीवर तिसरी जुळवा. फरक रंगांत दिसतो. दातांवर फरक कमी आणि स्कॅन बॉडीवर जास्त आला, तर फोटो ठीक आहेत, स्प्रे किंवा उजेड तपासा. एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला निळा असा चढता फरक आला, तर आकार वाकलाय: लेन्स मध्येच बदलली किंवा खालच्या फेरीचे फोटो कमी पडले. शक्य असेल तर तेच मॉडेल लॅबच्या डेस्कटॉप स्कॅनरवर एकदा स्कॅन करून मागा आणि आपल्या तिन्ही फाइली त्याच्यावर जुळवा. आपल्या मोबाइलची, आपल्या खिडकीतल्या उजेडाची आणि आपल्या हाताची चूक नेमकी किती मायक्रॉनची आहे, तो आकडा तिथे मिळतो. तो कागदावर लिहून स्कॅन बॉडीच्या डबीत ठेवा.